'एसएस' या नोंदीत काय मावत नाही

सिंदेवाहीपासून गडचिरोलीपर्यंतच्या गावांत सिकलसेलची तपासणी झाली की कागदावर शेवटी 'एए' (निरोगी), 'एएस' (वाहक) किंवा 'एसएस' (रुग्ण) एवढेच उरते. ही नोंद लागतेच. पण तिच्यावरून जनुकातल्या बदलाचा परिणाम कळला असे धरून चालणे मला पटत नाही. बीटा ग्लोबिनमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. बदल सगळीकडे तोच. तरीही दक्षिण गुजरातच्या आदिवासी रुग्णांत आजार पुष्कळसा सौम्य आढळला आणि नागपूरकडच्या रुग्णांत तीव्र. जनुकाची अरब-भारतीय ठेवण (हॅप्लोटाइप) दोन्हीकडे एकच. गुजरातेत अल्फा थॅलेसेमियाची जोड अधिक होती, पण सगळा फरक तेवढ्याने उलगडत नाही. क्लिनव्हारसारखा जनुकीय बदलांचा जागतिक संग्रह या बदलाला रोगकारक म्हणतो आणि ते खरेच आहे. मात्र इथल्या एखाद्या मुलीची हाडे वर्षातून किती वेळा ठणकतील, हे त्या शब्दात नाही. म्हणून नोंद द्यायची तर गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण, रक्त कधी चढवले, वेदनेचे झटके किती आणि चाचणी कोणती, हे सारे सोबत हवे. नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीला वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखता येत नाहीत. नुकतेच रक्त चढवले असेल तर इलेक्ट्रोफोरेसिसची चाचणीही फसवते. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत 7 कोटी लोक तपासायचे ठरले. एवढ्या मोठ्या साठ्यात चाचणीचे नावच नसेल, तर पुढे बेरीज कशाची करायची?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप गावातूनच येतो: माहिती फुटली तर मुलीचे लग्न मोडते. तो मी पूर्ण मान्य करतो. लहान गावात नाव खोडून भागत नाही. जमात, वय आणि 'एसएस' एवढ्यावर माणूस ओळखू येतो. पण त्यासाठी सगळेच कुलपात ठेवायला नको. जिल्ह्याच्या पातळीवरचे आकडे खुले असावेत. एकेका रुग्णाची नोंद संमतीने, नीतिसमितीच्या देखरेखीखाली, ठरलेल्या अभ्यासालाच मिळावी. दुसरे म्हणणे असे, की आता प्रयोगशाळेत एका जनुकाचे हजारो बदल एकदम तपासता येतात, मग गावोगावच्या नोंदी कशाला? त्या प्रयोगांची मला फार किंमत वाटते. पण पेशीत प्रथिन किती बिघडले हे त्यांतून कळते. मलेरिया, कुपोषण आणि लांबचा दवाखाना यांच्यासकट वाढणाऱ्या मुलाचे काय होते, हे नाही. कोणत्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध लवकर द्यावे, कोणाला आधी बोलवावे, हे डॉक्टरला ठरवायचे असते, आणि त्याच्या हातात आज ती दोनच अक्षरे असतात.