पहिल्या फितीचा अभिमान

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. इयत्ता दहावीच्या वर्गावर निबंधाच्या वह्या परत करीत असतां एका विद्यार्थ्याच्या वहीच्या मागील पुठ्ठ्यावर माझी दृष्टि खिळली. तेथें निळ्या शाईनें 'मेटॅलिका' हें नांव मोठ्या कष्टानें रेखाटलेलें होतें. पहिलें व शेवटचें अक्षर विजेच्या लोळासारखें टोंकदार, जसें त्या मंडळीच्या तबकड्यांवर असतें तसें. अशा वेळीं शिक्षकानें रागवावें अशी रूढि आहे. मला मात्र तीस वर्षांपूर्वींचा मित्र अवचित भेटावा तसा आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या भरांत मीं जें केलें तें रागावण्याहूनहि वाईट होतें.

मीं विचारलें, "ह्यांचें तूं काय ऐकलें आहेस?"

"सर, 'मास्टर ऑफ पपेट्स'."

"तें तुला कोठें सांपडलें?"

त्यानें 'स्ट्रेंजर थिंग्ज' ह्या अमेरिकन मालिकेचें नांव सांगितलें. मी हंसलों व सर्व वर्गास ऐकूं जाईल अशा स्वरांत म्हणालों, "म्हणजे मालिकेंतून आलास होय! अरे, खरी मेटॅलिका तिच्या पहिल्या फितींत आहे. पुढची सगळी दुकानदारी." वर्ग हंसला. मुलानें वही उलटी करून ठेविली व खिडकीबाहेर पाहूं लागला.

पालकवर्गांतील ज्यांस हें नांव अपरिचित असेल त्यांच्याकरितां थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. हेवी मेटल ह्या नांवानें ओळखलें जाणारें संगीत म्हणजे विजेच्या गिटारीचा नाद हेतुपुरस्सर जाड व खरखरीत करून ड्रमच्या प्रहारांनीं त्यास पुढें हाकणें होय. ज्यांच्या कानांस तें कठोर वाटतें त्यांचें मत खोडून काढण्याची माझी इच्छा नाहीं. तें कठोरच आहे. मेटॅलिका हा ह्या पंथांतील वाद्यवृंद १९८१ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं जन्मास आला. लार्स उलरिक नांवाच्या डॅनिश तरुणानें, जो ड्रम वाजवीत असे, तेथील एका वर्तमानपत्रांत 'सोबती पाहिजेत' म्हणून जाहिरात दिली आणि तींतून जेम्स हेटफील्ड हा गायक व गिटारवादक त्यास भेटला. १९८२ च्या जुलै महिन्यांत त्यांनीं व त्यांच्या दोघां सोबत्यांनीं सात गाण्यांची एक फीत मुद्रित केली; तिचें नांव 'नो लाइफ टिल लेदर'. ही फीत दुकानांत विक्रीस नव्हतीच. एका रसिकानें तिची नक्कल करावी, ती डाकेनें दुसऱ्या गांवच्या रसिकास पाठवावी, त्यानें तीवरून आणखी नकला कराव्या व मोबदल्यांत आपल्याजवळची एखादी दुर्मिळ फीत धाडावी, असा तो व्यवहार होता. अशीच एक नक्कल न्यू जर्सी प्रांतांत जुन्या बाजारांत तबकड्यांचें दुकान मांडणाऱ्या जॉन झझुला ह्या गृहस्थाच्या कानीं पडली. त्यानें ह्या पोरांस देशाच्या दुसऱ्या टोंकाहून बोलावून घेतलें, आणि त्यांची तबकडी काढावयास कोणी पुढें येईना तेव्हां 'मेगाफोर्स' ही स्वतःचीच संस्था उघडली. १९८३ च्या मे महिन्यांत रॉचेस्टर येथें मुद्रित झालेला 'किल एम ऑल' हा पहिला संग्रह २५ जुलै रोजीं बाहेर पडला. नांव भयंकर आहे खरें. परंतु मुळांत योजलेलें नांव ह्या पृष्ठावर छापतां येण्यासारखेंहि नव्हतें, व तें नाकारणाऱ्या वितरकांवरील रागांतूनच हें दुसरें जन्मास आलें. मुद्रणाच्या वेळीं हेटफील्ड व उलरिक एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे आमच्या शाळेंतून बाहेर पडून तीन-चार वर्षें झालेल्या मुलांएवढे.

हा संग्रह माझ्या हातीं आला तो १९९५ सालीं. मी तेव्हां दहावींत असून बोर्डिंगांत राहत होतों. माझ्या एका वर्गबंधूनें मुंबईच्या आपल्या मावसभावाकडून एक फीत आणली होती, व ती स्वतःच कोणा तिसऱ्याच्या नकलेची नक्कल होती. संग्रह एका बाजूस न मावल्यामुळें उरलेला दुसऱ्या बाजूवर गेला होता व शेवटीं त्या १९८२ च्या फितींतील तीन गाणीं होतीं. दर नकलेगणिक फितीचा सूं-सूं आवाज वाढत जातो व बारीक नाद बुजत जातात, हें ज्यांनीं तो काळ पाहिला त्यांस ठाऊक आहे. आमच्या फितींत तर गाण्यापूर्वीं पाऊस पडत असल्याचा भास होई. दिवे मालविल्यावर सामानाच्या खोलींत, आवाज मुंगीएवढा ठेवून, आम्ही चौघे डोकीं जुळवून ती ऐकत असूं. मित्रानें ती मला नक्कल करून दिली. ती नक्कल अद्याप माझ्याजवळ आहे.

सुटींत ती माझ्या वडिलांच्या दृष्टीस पडली. वडील शास्त्रपठणांत नियमित होते व असल्या संगीताविषयीं त्यांनीं नानाविध गोष्टी ऐकल्या होत्या. वेष्टनावर मीं हातानें लिहिलेली गाण्यांची यादी त्यांनीं चष्मा लावून वाचली व 'द फोर हॉर्समेन' येथें बोट ठेविलें. "हे घोडेस्वार कोणते?" मीं भीतभीत सांगितलें कीं, प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायांतले. त्यांनीं पवित्र शास्त्र काढून तो अध्याय पुन्हां एकदां वाचला व म्हणाले, "लाव पाहूं." तें गाणें सात मिनिटांहून थोडें अधिक आहे. वडिलांनीं तें हालचाल न करितां ऐकलें. संपल्यावर म्हणाले, "शब्द एकहि कळला नाहीं. पण घोडे धांवत आहेत एवढें कळलें." फीत त्यांनीं परत दिली. पुढील संग्रहांत 'क्रीपिंग डेथ' हें निर्गमाच्या पुस्तकांतील प्रथमजन्मलेल्यांच्या मृत्यूवरील गाणें आहे, व १९५६ चा 'द टेन कमांडमेंट्स' हा चित्रपट पाहतांना तें सुचलें, हें त्यांस सांगावयाचें माझ्याकडून राहूनच गेलें.

आतां ह्या मंडळीच्या चाहत्यांविषयीं. आरंभींच्या ध्वनिमुद्रणांबद्दल त्यांच्यांत जे वाद आहेत ते ऐकले असतां आपल्याकडील घराण्यांच्या अभिमान्यांची आठवण व्हावी. कित्येकांच्या मतें डाकेनें फिरलेली ती सात गाण्यांची फीतच अस्सल. तींत डेव्ह मस्टेन हा गिटारवादक आहे. एप्रिल १९८३ मध्यें, मुद्रणाच्या जेमतेम महिनाभर आधीं, त्याच्या मद्यपानामुळें व भांडखोरपणामुळें त्यास काढून टाकण्यांत आलें व कर्क हॅमेट हा त्याच्या जागीं आला. वर सांगितलेलें घोडेस्वारांचें गाणें मूळचें मस्टेनचें. तेव्हां त्याचें नांव 'द मेकॅनिक्स', शब्द अगदीं निराळे (व घरांत म्हणण्याजोगे नव्हत), आणि मधला संथ भाग त्यांत नव्हता. मस्टेननें १९८५ सालीं आपल्या 'मेगाडेथ' ह्या नव्या वाद्यवृंदाच्या पहिल्या संग्रहांत तेंच गाणें अधिकच वेगानें वाजवून दाखविलें. दोहोंत कोणतें श्रेष्ठ, हा तंटा अद्याप मिटलेला नाहीं. मला विचाराल तर त्या संथ भागाशिवाय घोडे धांवतात, पण कोठून कोठें जात आहेत तें दिसत नाहीं.

दुसरा पक्ष 'किल एम ऑल'चा. त्यांतील गिटारीचा आवाज पुढील संग्रहांच्या मानानें पातळ व कोरडा आहे, हेटफील्डचा कंठ पुरता फुटलेला नाहीं, हें सर्व ते मान्य करितात, आणि त्यासाठींच तो त्यांस प्रिय आहे. तिसऱ्या पक्षास 'राइड द लाइटनिंग' पाहिजे. हा संग्रह १९८४ सालीं कोपनहेगन येथें मुद्रित झाला. त्यांत क्लिफ बर्टन ह्या बेसवादकाच्या संगीतशास्त्राच्या ज्ञानाचा हात दिसूं लागतो. बाखचा हा अभ्यासक त्या टोळींत कसा शिरला ह्याचें मला नेहमींच नवल वाटत आलें आहे. परंतु ह्याच संग्रहांतील 'फेड टु ब्लॅक' हें गाणें साध्या, बिनविजेच्या गिटारीनें मंदपणें सुरू होतें, आणि तेवढ्यावरून कित्येक जुने चाहते 'हे विकले गेले' म्हणून ओरडूं लागले. पहिली तबकडी निघून तेव्हां उणेंपुरें एक वर्ष झालें होतें! एका वर्षांत ते जुने झाले होते.

२७ सप्टेंबर १९८६ रोजीं स्वीडनमध्यें प्रवासाची बस उलटून बर्टन वारला. त्याचें वय चोवीस. जे चाहते त्या दिवशीं रेघ ओढतात व अलीकडचें तेवढें आपलें, पलीकडचें परक्यांचें असें मानतात, त्यांच्याशीं वाद घालण्याचें धैर्य मला होत नाहीं. त्यांच्या मतांत शोक मिसळलेला आहे. इतरांच्या रेघा मात्र मीं ताडून पाहिल्या आहेत. ज्यानें जो संग्रह प्रथम ऐकला, त्याच्या लगेच पुढें त्याची रेघ पडते. १९९१ च्या काळ्या वेष्टनाच्या संग्रहानंतर कोट्यवधि नवे श्रोते आले. आज त्यांच्यांतीलहि कांहीं पांढऱ्या केसांचे होऊन 'तेंच शेवटचें खरें' असें सांगतात.

स्वतः त्या मंडळीसहि आपल्या पहिल्या फितीचा विसर पडलाच होता. १३ एप्रिल २००० रोजीं तिनें 'नॅपस्टर' ह्या संगणकीय देवघेवीच्या सोयीवर दावा लाविला, आणि आपलीं गाणीं फुकट घेणाऱ्या तीन लाखांहून अधिक लोकांचीं नांवें उलरिकनें पुढें केलीं. कलावंताच्या श्रमाचें मोल कलावंतास मिळावें, हा त्यांचा युक्तिवाद मला अन्याय्य वाटत नाहीं. तरी नकलांच्या डाकेवर वाढलेल्यांनीं नकला करणाऱ्यांची यादी सादर करावी, हें वाचून आम्हां जुन्या लोकांस ओशाळें झालें. २०१५ सालीं त्यांनीं ती सात गाणीं फितीवरच पुन्हां प्रसिद्ध केलीं. तेव्हां मन थोडें निवळलें.

२०२२ च्या जुलैमध्यें पूर्वोक्त मालिकेमुळें 'मास्टर ऑफ पपेट्स' हें १९८६ चें गाणें पोरासोरांच्या तोंडीं झालें. कित्येक जुन्या चाहत्यांनीं ह्या नवागतांची टर उडविली, तेव्हां वाद्यवृंदानेंच जाहीर केलें कीं आमच्या कुटुंबांत सर्वांचें स्वागत आहे. तें वाचून ह्या टर उडविणाऱ्यांची मला कींव आली होती. शिवाय ज्यास मीं वर्गांत दुकानदारी म्हटलें, तोच संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २०१६ सालीं जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या यादींत घातला होता, व हेवी मेटलपैकीं तो मान मिळविणारा तो पहिलाच. हें सर्व मला ठाऊक होतें. तरी त्या दिवशीं वह्या वांटतांना जीभ सुटली ती सुटलीच.

आठ दिवस तो मुलगा वर्गांत माझ्याकडे पाहीना. नवव्या दिवशीं मधल्या सुटींत तो शिक्षकांच्या खोलीच्या दारांत येऊन उभा राहिला. "सर, ती पहिली फीत ऐकायला मिळेल?"

दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर मीं फीत आणली. अडगळींतील टेपरेकॉर्डर पुसून चालू केला. तो अद्याप ठीक चालतो. पाऊस पडल्यासारखा सूं-सूं आवाज झाला व 'हिट द लाइट्स' सुरू झालें. मुलगा मान वांकडी करून ऐकत होता. हा मुलगा प्रार्थनेच्या वेळीं पेटी वाजवितो हें मी विसरलों होतों. त्यानें आपल्या फोनवर तेंच गाणें लाविलें, पुन्हां माझी फीत ऐकली, आणि पेटीवर एक सूर धरून म्हणाला, "सर, तुमची पट्टी चढी आहे. काळी आणि पांढरीच्या मध्येंच कोठें तरी."

कारण उघड होतें. नक्कल करणारें यंत्र मंद चालत असेल, तर तयार झालेली फीत चांगल्या यंत्रावर जलद व उंच सुरांत वाजते. मुंबई ते बोर्डिंग ह्या वाटेंतील कोणा एकाचें यंत्र मंद होतें, एवढेंच. पण तीस वर्षें मी त्या वेगाची शपथ घेऊन बोलत आलों होतों! ३० ऑक्टोबर २०११ रोजीं हा वाद्यवृंद बंगलोर येथें प्रथमच भारतांत वाजवावयास आला, तेव्हां रात्रभर गाडींत बसून मी गेलों होतों, पहिल्या संग्रहांतील गाणें लागतांच शेजारच्या मित्रास म्हणालों होतों, "म्हातारे झाले रे, पूर्वींचा वेग राहिला नाहीं." पुढें शुद्ध करून काढलेली आवृत्ति ऐकली, तेव्हां तीहि मीं बिघडविलेली ठरविली.

दुसऱ्या दिवशीं हें सर्व मीं वर्गांत सांगितलें, व त्या मुलाची क्षमा मागितली. वर्ग पुन्हां हंसला. ह्या वेळीं तोहि हंसला. फीत त्यानें उसनी मागून नेली. चार दिवसांनीं यंत्रांत अडकलेली ती पेन्सिलीनें गुंडाळीत गुंडाळीत तो माझ्याकडे आला, व इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "सर, खरें सांगूं? फोनवरच्यापेक्षां मला हीच जास्त आवडली. ही जलद आहे."