पित्त झालंय

“मॅडम, बाकी सगळं झकास, फक्त जरा पित्त झालंय.”

वजन कमी करायचं ऑपरेशन करून पेशंट घरी जातो तेव्हा त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर दोन नंबर असतात. एक सर्जनचा, दुसरा माझा. सर्जनना फोन करायला लोक बिचकतात. डाएटिशियन बाईंना काय, कधीही करता येतो. ऑपरेशन थिएटरमध्ये माझं काहीच काम नसतं. माझं काम पेशंट घरी पोचल्यावर सुरू होतं आणि ते बहुतेक फोनवरच चालतं. चौदा वर्षांत हे वाक्य मी रस्त्यातून, लग्नाच्या कार्यालयातून, एकदा तर वारीच्या वाटेवरूनही ऐकलंय.

मराठी माणसाच्या पोटात काहीही बिघडो, त्याचं नाव पित्त. जागरण झालं, पित्त. डोकं ठणकतंय, पित्त. अंगावर गांधी उठल्या, तेही पित्तच. आमसुलाचं सार, मोरावळा, थंड दूध हे उपायही घरोघरी ठरलेले. माझ्या माहेरी हेच चालायचं आणि आम्ही सगळे धडधाकट वाढलो. पण ज्याच्या जठराचा तीन चतुर्थांश भाग कापून काढलाय, त्याच्या तोंडून हा शब्द आला की मी हातातला चहा खाली ठेवते.

स्लीव्ह नावाच्या ऑपरेशननंतर उरतं ते केळ्याच्या आकाराचं, नळीसारखं जठर. त्यात जेमतेम एक छोटी वाटी मावते. नळीच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत स्टेपलची शिवण असते आणि अन्ननलिकेला लागून असलेलं तिचं वरचं टोक सगळ्यात नाजूक. तिथून गळती होणं आता फार क्वचित, शंभरात एखाद्याला. पण ती घरी गेल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांनीही होऊ शकते आणि सुरुवातीला पेशंटला जाणवतं ते एवढंच: बेचैनी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, डावा खांदा भरून आल्यासारखा. म्हणजे पित्त.

पूर्वी अशा वेळी मी आधी तापाचं विचारायचे. पण ताप पुष्कळदा मागून येतो, नाडी आधी धावायला लागते. कोविडनं आमच्यावर एक उपकार करून ठेवलाय: बहुतेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पडून असतो. “टीव्हीखालचा खण उघडा, ते कोविडचं यंत्र काढा.” मग मी फोन कानाला लावून थांबते. खणातला खडखडाट, सेल कुठल्या रिमोटमधून काढायचे यावरून घरातला वाद, सगळं ऐकत. ऑक्सिजनचा आकडा नको, दुसरा सांगा. ८४ आला तर पुढचं बोलणं सावकाश. शांत बसलेल्या माणसाचा १२० असेल आणि दहा मिनिटांनीही तेवढाच, तर पाण्याचा घोटही न घेता गाडीत बसायचं आणि इकडे निघायचं.

गंमत म्हणजे कधीकधी पेशंटचं निदान शब्दशः खरं निघतं. वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, खाण्यात तेलतूप नसल्यामुळे पित्ताशयही आळसावतं, आणि खडे धरतात. म्हणून सहा महिने एक गोळी देतात. ही गोळी लोक सगळ्यात आधी बंद करतात, कारण ती न घेतल्यानं लगेच काहीच होत नाही.

वजनाचंच दुसरं ऑपरेशन म्हणजे बायपास. बायपासवाल्यांचं पित्त वेगळं. त्यांची एक अडचण नावापासूनच सुरू होते. बायपास झालंय म्हटलं की सोसायटीतले लोक हृदयाचं समजून शहाळी घेऊन भेटायला येतात आणि हेही तसंच समजू देतात. ‘खाऊन खाऊन जाड झाली आणि मग पोट कापून घेतलं’ हे ऐकून घेण्यापेक्षा हृदयरोगी ठरलेलं बरं. हे लपवणं मला कळतं. पण मग गुडघे दुखले की तालुक्याच्या डॉक्टरांनाही खरं सांगितलं जात नाही, ते नेहमीची वेदनाशामक गोळी देतात, आणि जठराची उरलेली पिशवी आतड्याला जिथे जोडली आहे तिथे अल्सर होतो. मिश्री, तंबाखू, सिगारेट यांनीही होतो. दोन वर्षांनी, तीन वर्षांनी, जेवण झालं की मधूनच बेंबीभोवती कळ येऊन जाते असं कुणी सांगितलं तर मी सर्जनना लगेच कळवते. वजन उतरताना आतल्या पडद्यांतली चरबीही झडते, फटी रुंदावतात, आतडं त्यात सरकून पिळलं जाऊ शकतं. कळ गेली म्हणून निश्चिंत व्हायचं नसतं. हेही लोक पित्तच म्हणतात.

आता इंदापूरकडच्या काकूंचं सांगते.

पंचावन्नच्या, स्लीव्ह होऊन पाच आठवडे झालेले. श्रावण लागला होता. फोन आला, पित्त झालंय. मी नेहमीचे प्रश्न विचारले. घास चावून खाता का, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नको म्हटलं होतं ते पाळता का. “पाळते की.” उलटी होते का? “छे हो, उलटी नाही. सकाळचं पित्त पडतं, पडलं की बरं वाटतं.”

मी वहीत लिहिलं: उलटी नाही.

दहा दिवसांनी पुन्हा तेच बोलणं झालं. मी घोट-घोट पाणी प्यायला सांगितलं, पित्ताची गोळी चालू आहे ना विचारलं. व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं विचारलं नाही. त्या पोटात ठरत नव्हत्या, हे मला नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात लेकीचा फोन. “मॅडम, आई भिंत धरून चालतेय. टीव्हीवर दोन-दोन माणसं दिसतात म्हणते. आणि सकाळी मला अक्का म्हणून हाक मारली, मावशीला मारते तशी.” अशक्तपणा आला म्हणून गावात दोनदा ग्लुकोजचं सलाईन लावलं होतं. त्यानंतर जास्तच बिघडलं होतं.

थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच. रोज पडत राहिलं, गोळ्याही पडल्या की साठा संपतो, आणि ग्लुकोज पचवायला थायमिनच लागतं. उरलंसुरलं त्यातच खर्ची पडतं. मग डोळ्यांच्या हालचाली, तोल आणि मन, तिन्ही एकदम ढासळतात. आमच्या खेड्यात हातसडीचा तांदूळ कशासाठी चांगला हे आजी सांगायची, तिला थायमिन माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर एका डच डॉक्टरला, आइकमनला, पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लटपटताना दिसल्या. त्या धाग्यावरून पुढे हे जीवनसत्त्व सापडलं आणि १९२९ मध्ये आइकमनला नोबेल मिळालं. हे सगळं मी कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केलं होतं. माणूस लटपटताना मी पाहिला तो काकूंच्या रूपात.

आल्या त्याच रात्री शिरेतून थायमिन सुरू झालं, ग्लुकोजच्या आधी. चौथ्या दिवशी दोनाचं एक दिसायला लागलं. लेकीला नावानं हाक मारली. चाल मात्र लवकर सुधारली नाही. कित्येक महिने वॉकर होता आणि अजूनही जिना उतरताना त्या कठडा सोडत नाहीत. उलट्यांचं कारण दुर्बिणीत सापडलं: नळी मध्यावर आवळली गेली होती. आतून फुगा फुगवून ती रुंद केली. पंधरा दिवस आधी केली असती तर एवढ्यावरच भागलं असतं.

गावातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात आम्ही घरी जाताना दिलेलं काकूंचं कार्ड होतं आणि त्यावर आम्ही यातलं काही लिहिलं नव्हतं. वहीतलं ते पान मात्र माझ्याच अक्षरातलं आहे.

त्यानंतर ‘उलटी होते का’ हा प्रश्न मी सोडून दिला. आता विचारते, काल सकाळपासून जे तोंडात गेलं त्यातलं काय काय परत आलं? फेस आला, पाणी आलं, घास आला, सगळं सांगा. चूळ भरताना आलेलंही. लघवीला किती वेळा गेलात, रंग कसा होता? साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या जुन्याच मापानं चालू नाहीत ना? लोक आधी हसतात, मग आठवायला लागतात, आणि पाठीमागून बायको किंवा नवरा ओरडून दुरुस्ती करतो. ही दुरुस्ती सोन्यासारखी असते. हल्ली मी फोन स्पीकरवर टाकायलाच सांगते.

उपासावरून मी पूर्वी वाद घालायचे. आता घालत नाही, सोडवता येतो तेवढा सोडवते. पहिलं वर्षभर निर्जळी नको, साबुदाण्याच्या जागी दूध, ताक, पनीर. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, साबुदाण्यात ती नावालाही नाहीत. शाकाहारी माणसाला हे गाठताना नाकी नऊ येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले की मगच तो माझं ऐकायला लागतो. देवाला चालतं का, असं एका आजींनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या नावावर मांडा.

आणि कार्ड बदललं. पिवळं, जाड, मराठीत, दोन ओळी ठळक अक्षरांत: उलट्या किंवा ‘पित्त पडणं’ चालू असेल तर ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्यावं. खाली माझा नंबर. अवतरणचिन्हांवरून प्रिंटरवाला हसला होता.

गेल्या महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. कुठल्याशा गावातले डॉक्टर होते. “मॅडम, तुमचा पेशंट बसलाय समोर. कार्ड दाखवतोय. बाटली लावायच्या आधी विचारावं म्हटलं.”

“किती दिवस पडतंय?”

“तो तर म्हणतो कालपासूनच. पण त्याची बायको मान हलवतेय.”

“फोन तिच्याकडे द्या,” मी म्हटलं आणि वही ओढली.