मधात पडायचं की नाही?



बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं, पण दर वेळी हात मागे यायचा. विषय घराघरातला, आणि वाचणाऱ्यांत आपलीच नातलग मंडळी. कोणाला वाटायचं, बाईंनी आपल्यावरच लिहिलं! तेव्हा आधीच सांगते, हे कोणा एका घराबद्दल नाही. म्हटलं तर सगळ्यांबद्दल आहे.

आमच्या मूलकडे एक वाक्य फार सहज बोललं जातं. "नवरा-बायकोचं भांडण आहे जी, आपण कायले मधात पडाचं?" शेताच्या बांधावरून दोन भाऊ भांडले तर अर्धं गाव धावून जातं. बैलाला कोणी जास्त मारलं तर एखादा म्हातारा तरी हटकतो, की अरे, मुकं जनावर आहे. पण शेजारच्या घरात बाई मार खात असेल, तर लोक दार लोटून घेतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. सकाळी ती नळावर भेटली की तिच्या सुजलेल्या डोळ्याकडे कोणी बघत नाही. तीही पदर पुढे ओढून घेते. तिला कळत नाही असं नाही, आणि आपल्याला कळलं नाही असंही नाही.

याच मूलमधून या गोष्टीला एकदा मोठं तोंड फुटलं होतं. आजच्या मुलांना ते माहीत नसेल म्हणून सांगते.

ॲड. पारोमिता गोस्वामी आणि त्यांची 'श्रमिक एल्गार' संघटना यांचं काम आमच्या मूल भागातलं. जमिनीचे पट्टे, मजुरी, रेशन अशा प्रश्नांसाठी खेड्यापाड्यांतल्या बाया तिथे जमायच्या. बैठक कशाचीही असो, शेवटी बोलणं दारूवर यायचं. तेंदूपत्त्याचे पैसे हातात आले, की घरी येईपर्यंत निम्मे उडालेले. मग रात्री घरात मारझोड. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बाया चिमूरहून नागपूरला विधानभवनाकडे पायी निघाल्या. मागणी एकच, चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी करा. चिमूर निवडलं तेही विचार करून, कारण १६ ऑगस्ट १९४२ ची चिमूरची क्रांती आमच्या जिल्ह्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. जिल्ह्यातल्या पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव केले. शासनाने तेव्हाचे पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. गुडघ्यांमुळे एवढं चालणं मला शक्यच नव्हतं. पण आमच्या गल्लीतली एक बाई त्या यात्रेत गेली होती. परत आल्यावर तिला विचारलं, "काय गं, पाय दुखले असतील?" ती म्हणाली, "पाय तं दुखले बाई, पण पयल्यांदाच इतक्या बाया म्हणाल्या का मलेबी मारते." मी हे वाक्य विसरले नाही. आपल्याला वाटतं त्या दारूबद्दल बोलत होत्या. त्या घरातल्या माराबद्दल बोलत होत्या! नवरा मारतो असं गावात म्हणता येत नाही, दारू वाईट आहे असं म्हणता येतं. म्हणून त्यांनी म्हणता येण्यासारखं होतं ते म्हटलं.

जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली. वर्ध्याला ती सत्तरच्या दशकापासून होती, गडचिरोलीला १९९३ पासून. सुरुवातीला फरक जाणवला. संध्याकाळी बसस्टँडकडून यायला बायांना भीती वाटेनाशी झाली. पण हळूहळू चोरटी दारू सुरू झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीडचे पोलीस अधिकारी छत्रपती चिडे दारू तस्करांची गाडी अडवताना गेले. शेवटी २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली आणि जुलैत दुकानं पुन्हा उघडली. सहा वर्षांत सगळं फिरून जिथल्या तिथे.

बंदी हवी की नको, यावर घराघरात वाद आहेत. तो वाद आज मला घालायचा नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. दुकान बंद करणं सरकारच्या हातात होतं, उघडणंही सरकारच्याच हातात होतं. पण शेजारणीच्या दारावर थाप मारणं हे कोणत्याच सरकारच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे, आणि ते मंत्रिमंडळाच्या बैठकीत रद्द होत नाही. शिवाय न पिणारे नवरेही मारतातच की! शुद्धीत राहून, नेमाने, दार लावून मारणारे मी पाहिले आहेत. आणि सासूचा, दिराचा जाच कुठे दारूवर अवलंबून असतो?

मग हे थाप मारणं कसं असतं, ते माझ्या नोकरीतलं एक उदाहरण देऊन सांगते. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मूलपासून थोडं आत, जंगलाकडच्या एका गावात माझी शाळा होती. तिसरीतली एक मुलगी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी नेहमी फार लवकर यायची. धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसलेली असायची. डबा नाही, वेणी नाही. एकदा मी नुसतं तिच्याजवळ बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "रात्री आम्ही वाडीत झोपलो जी." म्हणजे बाप मारायला लागला की आई पोरांना घेऊन परसातल्या भाजीच्या वाडीत लपायची. थंडीच्या दिवसांतही.

त्या बापाशी मी एकटीने जाऊन बोलले असते तर काय झालं असतं? दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेतून बंद आणि आईला दुप्पट मार, की तूच घरातलं बाहेर सांगतेस. म्हणून मी आधी अंगणवाडीच्या सेविकेला विचारलं. तिला सगळं माहीत होतं! शेजारच्या म्हातारीलाही माहीत होतं. पोलीस पाटलांच्या बायकोलाही. चौघींना माहीत होतं, पण प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच आहोत, आपण काय करणार. मग आम्ही त्या आईला अंगणवाडीत बोलावून विचारलं की तुला आमच्याकडून काय हवं आहे. (हे विचारणं फार महत्त्वाचं, त्याबद्दल पुढे लिहिते.) ती म्हणाली, "कोणी आलं का तो थांबते."

बस, एवढंच ठरलं. आवाज सुरू झाला की म्हातारीने विरजण मागायला जायचं. ती गेली की पाच मिनिटांनी सेविकेने जायचं, बाळाचं वजन लिहायचं राहिलं म्हणून. तरी थांबलं नाही तर पाटलीणबाईंनी पाटलांना उठवायचं. कोणी उपदेश करायचा नाही, कोणी भांडायचं नाही. नुसतं जाऊन ओट्यावर बसायचं. पहिल्या महिन्यात म्हातारीने इतक्या वेळा विरजण नेलं, की गावात त्याची थट्टा झाली. पण त्या माणसाला कळलं की आता आपल्या दाराबाहेर कान आहेत.

तो सुधारला असं मी म्हणणार नाही. बोलणं घाणच राहिलं, कधीमधी हातही उठला. पण वाडीत झोपायचं थांबलं. मुलगी सातवीपर्यंत शिकली. आईने पुढे बचत गटात नाव घातलं आणि तिच्या नावावर पासबुक आलं. आता कोणी म्हणेल, एवढ्यासाठी चार बायांनी एवढी धडपड केली? हो, केली. हिवाळ्यात दोन लेकरं घरात झोपली, ही गोष्ट लहान नाही.

त्या काळी आमच्यापाशी कायद्याचं बळ फारसं नव्हतं. आज आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात नुसती मारहाण नाही, तर शिवीगाळ, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार, पैसे अडवणं, घराबाहेर काढणं हे सगळं हिंसेत धरलं आहे. बाई त्याच घरात राहण्याचा हक्क न्यायालयाकडे मागू शकते. आणि या कायद्यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. तक्रार तिनेच करायला पाहिजे असं नाही! हिंसा होते आहे असं ज्याला सकारण वाटतं, असा कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवलं असेल तर त्याच्यावर त्याची काही जबाबदारी येत नाही. म्हणजे "मधात पडण्या"ला कायद्यानेच जागा ठेवली आहे.

पण संरक्षण अधिकारी बसतो तालुक्याला किंवा जिल्ह्याला, आणि मार बसतो रात्री अकरा वाजता. मधलं अंतर कोणीतरी चालायला हवं ना? ही जाण आपल्याकडे जुनी आहे. १९८४ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस कार्यालयातच प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसू लागली. पुढे असे कक्ष राज्यभर झाले. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावानेही १९८१ च्या सुमारास हेच केलं. पोलीस, न्यायालय आणि बायांना आसरा देणाऱ्या संस्था यांनी एकमेकांशी बांधून घेऊन काम सुरू केलं, म्हणजे बाईला दहा दारं फिरावी लागू नयेत. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर ऐंशीच्या दशकातच ग्रामसभेत बायांना बरोबरीने बसवून दारूवर बंधन घातलं, तेही मतदानाने नाही, सगळ्यांच्या सहमतीने. मोठं शहर असो की गोंडांचं लहानसं गाव, युक्ती एकच. ज्यांना माहीत आहे त्यांनी एकमेकांशी बोलायचं.

नाहीतर काय होतं ते आकडे सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या लग्न झालेल्या दहा बायकांपैकी जवळजवळ तिघींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी. बहुतेकींनी कोणाला सांगितलंसुद्धा नाही.

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. तिच्या वरच्या मजल्यावर असंच चालतं म्हणाली. "मावशी, इथे तुमच्या गावासारखं विरजण मागायला जाता येत नाही गं. ते लोक मला ओळखत पण नाहीत." मी म्हटलं, बेल तर वाजवता येते ना? कुरिअर आलं का म्हणून विचार, पाणी गळतंय म्हणून सांग. एकटी जाऊ नकोस, शेजारच्या एखादीला घे. जीवावर बेतेल असं वाटलं तर थेट ११२ लाव. आणि दुपारी तो नसताना त्या बाईला जिन्यात गाठून एवढंच म्हण, "मी खाली राहते. रात्री कधीही दार वाजवलंस तरी मी उघडीन." बाकी ती ठरवेल.

ती ठरवेल, हे मी मुद्दाम लिहिते आहे. मदत करणाऱ्यांना घाई फार असते. कोणी म्हणतं, सोडून दे त्याला. कोणी म्हणतं, लेकरांसाठी सांभाळून घे. २००७ च्या १५ ऑगस्टपासून आपल्याकडे तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले पुष्कळ वाद तिने गावातच मिटवले, चांगलंच झालं. पण बांधाचा वाद आणि बाईला झालेली मारहाण एका मापाने मोजायची नसते. बांधाच्या वादात दोघेही थोडं थोडं मागे सरतात. इथे बाईने किती मागे सरायचं? चार पुरुषांसमोर उभी राहून ती "हो, समझोता झाला" म्हणते, आणि घरी जाऊन पुन्हा तेच सोसते. म्हणून आधी तिला एकटीला विचारायचं, तुला काय हवं, आणि मग गावाने त्याप्रमाणे तिच्या मागे उभं राहायचं.

असो. फार लांबलं. शेवटी नंबर लिहून ठेवते, फ्रीजवर चिकटवा: तातडीची मदत ११२, महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८. आणि आज संध्याकाळी एक करा. तुमच्या गल्लीत, तुमच्या इमारतीत असं एक घर असेलच. ते आणखी कोणाला माहीत आहे, एवढं शोधून काढा. दोघी झालात की निम्मं काम झालं समजा.