क्रॉफर्ड मार्केट ते भेंडी बाजार

मुंबईला आम्ही वर्षातून दोन-तीनदा जातो, पण नेहमी कामासाठी. दवाखाना, लग्न, नाहीतर विमानतळावर कुणाला सोडायला. यावेळी कामही होते आणि दिवसही मोकळा मिळाला. अम्मींचा कुरआन शरीफ जिल्दीतून पार सुटला होता. पाने हाताबरोबर निघून यायची. रमजानच्या आधी तो बांधून हवा, एवढेच अम्मींचे म्हणणे होते. म्हणून रात्रीच्या गाडीने आम्ही चिपळूणहून निघालो. आम्ही दोघे आणि कॉलेजात जाणारी लेक. कुरआन शरीफ स्वच्छ चादरीत गुंडाळून लेकीच्या मांडीवर होता. रात्रभर तिने तो खाली ठेवला नाही.

सीएसएमटीला उतरलो तेव्हा उजाडायचे होते. स्टेशनबाहेर आल्यावर समोर अंजुमन-ए-इस्लामची इमारत दिसते. 1874 साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी ही संस्था काढली. आमच्या गावातल्या दोन पिढ्यांची मुले इथे शिकली, त्यामुळे ही इमारत आम्हाला नातेवाइकाच्या घरासारखी वाटते. आत न जाता नुसते बघून पुढे जायचे, तेही तसेच.

इराण्याकडे खिमा-पाव आणि चहा झाला. मग मोहम्मद अली रोडच्या एका गल्लीत जिल्दसाजांचे दुकान गाठले. दुकान कसले, जिन्याखालची खोली. चाचांनी चादर उघडली, पाने चाळली, जुनी शिवण बोटाने तपासली आणि म्हणाले, "असर के बाद आना." पुन्हा शिवायचे, सरस लावायचा, दाबाखाली ठेवायचे, कडा कापायच्या, वर नवे कापड चढवायचे. घाई केली तर पाठ फुटते म्हणाले. आमच्याकडे सात-आठ तास होते आणि करायला काहीच नव्हते. असा दिवस आम्हाला शेवटचा कधी मिळाला होता, कुणालाच आठवेना.

चालत मागे क्रॉफर्ड मार्केटला आलो. नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई आहे, पण दुकानदारांपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे जुनेच नाव घेतात. 1869 मध्ये ही मंडई पुरी झाली. नकाशा विल्यम एमर्सनचा, आणि दारावरची दगडी शिल्पे लॉकवुड किपलिंगची. शेतावरची माणसे कोरली आहेत. लेक मान वर करून बघत राहिली आणि तिच्यामागे टोपल्या घेऊन येणाऱ्या हमालांची रांग अडली. "ताई, बाजूला व्हा की!" आत फळांचे ढीग, सुकामेवा, परदेशी चॉकलेटे. भाव ऐकून आम्ही हसलो. आमच्या अंगणातल्या पेरूला इथे आल्यावर इतकी किंमत येते? घेतले काहीच नाही, फक्त चारोळी. अम्मींना शीरखुर्म्यात चारोळी लागते आणि ती चिपळूणला मनासारखी मिळत नाही.

तिथून जंजिकर स्ट्रीट. नावातच जंजिरा आहे. कोकणी माणसाने या भागात यावे आणि पाहुण्यासारखे वागावे, हे बरे नव्हे. इथली जुमा मशीद कोकणी मुसलमानांनी उभी केली. 1775 साली सुरू झालेले काम 1802 मध्ये संपले. त्या जागी बाग आणि तळे होते. तळे बुजवले नाही, त्याच्यावरच मशीद उभारली. आजही वजू त्याच पाण्यावर होते. पायऱ्यांवर बसले की पायाशी मासे येतात. जोहरची जमात आमच्यातल्या पुरुषमाणसाला तिथेच मिळाली. मायलेकींनी ओळखीच्या कापडवाल्याच्या पोटमाळ्यावर, थानांच्या मधे मुसल्ला अंथरून नमाज पढली. "या बाजारात निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक बायकाच," लेक खाली उतरताना म्हणाली, "मग आमच्यासाठी नमाजाची जागा इतकी शोधावी का लागते?" कापडवाल्याने मान डोलावली. तोही काय बोलणार?

दुपारी मोहम्मद अली रोडवर परत. रमजानच्या रात्री इथली गर्दी बघायला लोक लांबून येतात. आम्हाला मात्र साधा दिवस आवडतो. मिनारा मशिदीजवळच्या मिठाईवाल्यांना तेव्हा बोलायला वेळ असतो, मातीच्या वाटीतली फिरनी उभ्या उभ्या नाही तर बाकावर बसून खाता येते. डोक्यावरून जे. जे. चा उड्डाणपूल जातो, सुमारे अडीच किलोमीटर. वरून जाणाऱ्याला खिडकीतून फक्त पहिल्या-दुसऱ्या मजल्याचे गज दिसतात. खाली काय आहे ते त्याला कधीच कळत नाही.

खाली अत्तरवाले आहेत. एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याने लेकीच्या मनगटावर काचेच्या कांडीने एकेक थेंब लावला. खस, मोगरा, आणि कनौजचे मिट्टी अत्तर. भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवतात. लेकीने डोळे मिटले आणि म्हणाली, "अब्बा, हा तर आपल्या परसातला वास. मिरगाचा." तीन ग्रॅमची कुपी घ्यावीच लागली.

भेंडी बाजाराकडे आम्ही मुद्दाम गेलो. भेंडीच्या झाडांवरून हे नाव पडले असे काही म्हणतात, इंग्रजांच्या 'बिहाइंड द बझार'चा हा अपभ्रंश असे काही. आम्हाला झाडे बरी वाटतात. शास्त्रीय गाण्याचे एक घराणे या नावाने ओळखले जाते, हे लेकीला माहीत नव्हते. आता इथल्या जुन्या चाळी पाडून साडेसोळा एकरांत नवे मोहल्ले उभे राहत आहेत. जे तिथे राहतात त्यांना हवेशीर घर, स्वतःचा संडास मिळतो. आपण वर्षातून एकदा येऊन हळहळावे, याला काही अर्थ नाही. तरी हळहळलो.

कारण पुढे डोंगरीच्या बाजूला आमच्या गावच्या जमातीची खोली होती. लेकीचे पणजोबा जहाजावर खलाशी. बोट सुटेपर्यंत ते आणि गावचे वीस-पंचवीस जण त्या एका खोलीत राहायचे. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. एकाची बोट सुटली की त्याची जागा दुसऱ्याला. गावाहून आलेली पत्रे तिथेच यायची, मयतीची खबरही तिथेच. आम्हाला इमारत सापडली. हिरवी जाळी बांधलेली, जिन्याला कुलूप. समोरच्या पानवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, "कोकणवाले? होते ना. आता कोण राहतो?"

तिथेच उभे असताना लेक एकदम थांबली. "पणजोबांचे अक्षर!" कुरआन शरीफच्या पहिल्या कोऱ्या पानावर पणजोबांनी घरातले जन्म, निकाह, मयती लिहून ठेवल्या होत्या. बोटीवरून परत आले की लिहायचे. मराठीत, शाळेतल्या वळणाने. ते पान आम्ही चाचांना दाखवलेच नव्हते. नवी जिल्द बांधताना जुने कोरे पान काढून टाकतात. चाचांचा फोन नंबरही घेतलेला नव्हता.

डोंगरीहून ती गल्ली लांब नाही, पण शनिवारची संध्याकाळ, हातगाड्या, स्कूटर, अंड्यांचे ट्रे. आम्ही अक्षरशः धावलो. असरची अजान वाटेतच झाली.

पान होते. अजून काढलेले नव्हते. पण कडा कापून झाल्या होत्या. चाचांनी चष्मा लावून पान वाचले, उर्दूवाले असूनही आकडे त्यांना कळले, आणि मग ते बराच वेळ बोलले नाहीत. उजवीकडची कड कापताना एका ओळीचे टोक गेले होते. अम्मींच्या निकाहचे साल. 196 एवढेच उरले होते.

"सकाळी सांगायला हवे होते," आम्ही म्हणालो. "मी विचारायला हवे होते," चाचा म्हणाले.

कापलेल्या पट्ट्या त्यांनी टाकल्या नव्हत्या. कुरआनचा कागद आहे, तो कापडी पिशवीत साठवून ते नंतर पाण्यात ठंडा करतात. लेक त्या पिशवीपाशी बसली आणि मगरिबपर्यंत एकेक पट्टी उजेडात धरून बघत राहिली. सापडले नाही. चाचांनी ते पान नव्या अस्तराला न चिकटवता मोकळे ठेवले, मागून पातळ कागदाची पट्टी लावून भक्कम केले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरी अम्मींच्या हातात चादर दिली. त्यांनी जिल्दीवरून हात फिरवला, उघडले, पहिले पान पाहिले. आम्ही काही सांगायच्या आत त्यांचे बोट त्या ओळीच्या टोकाशी जाऊन थांबले.

"इथे आठ होता," अम्मी म्हणाल्या. "पेन आण गं."