कपिलीचे दात

उत्तर कन्नडातल्या जोयड्याकडची गाय मुळातच ठेंगणी. मलनाड गिड्डा जातीची, उंची तीन फुटांच्या आतबाहेर, पावसाळाभर ओल्या रानात चरूनही खुरांना सहसा काही न होणारी. कपिली त्यातलीच. आजोबांनी तिला घेतली तेव्हा ओठात अंगठा घालून तोंड उघडलं आणि "चार दाती आहे" म्हणून व्यवहार ठरवला. गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, नुसती कडक गादी असते. खाली आठ. दुधाचे पडून कायमचे जोडीजोडीनं येतात आणि पाचेक वर्षांत तोंड जुळतं. पुढचं वय आजोबा शिंगं चाचपून सांगत. गाभणपणात अंगातलं सत्त्व वासराकडे जातं, शिंगाची वाढ मंदावते आणि तिथं एक वळं उमटतं. कपिलीच्या शिंगांवर अशी नऊ वळी होती.

हल्ली हे वय डीएनएवरूनही काढता येतं. डीएनएला चिकटणाऱ्या मिथाइल गटांची ठेवण वयाबरोबर बदलत जाते. 185 प्रजातींच्या सस्तन प्राण्यांचे नमुने तपासून सगळ्यांना लागू पडेल असं एक गणित शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये मांडलं. उंदीर, गाय, माणूस, देवमासा यांच्या म्हातारपणाचं सूत्र बरंचसं सारखं असावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग उंदीर तीन वर्षांत का संपतो? आमच्या माळ्यावर उंदीर होते, तशी वटवाघळंही होती. सैबेरियात ब्रांटच्या वटवाघळाची 41 वर्षं जगल्याची नोंद आहे, आणि त्याचं वजन उंदराहून कमी! जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1952 मध्ये मांडलेला विचार इथं उपयोगी पडतो. उंदराला साप, घुबड, मांजर लवकरच गाठतात. म्हातारपणापर्यंत कुणी पोचतच नाही, त्यामुळे त्या वयात उपद्रव देणारे दोष निसर्गाच्या निवडीतून निसटतात आणि पिढ्यान्‌पिढ्या साचत राहतात. उडणाऱ्याला धोका कमी, म्हणून त्याचं शरीर दीर्घकाळ डागडुजी करत राहतं.

आमच्याकडच्या काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात दात झिजून गेलेला, डोळे निळसर पांढरे झालेला गवा मी पाहिला नाही. त्याआधीच वाघ नाहीतर कोळसुंद्यांचा कळप त्याला गाठत असणार. म्हातारपण मला दिसलं ते गोठ्यात.

ते पहिल्यांदा दिसलं कपिलीच्या शेणात. आई शेण काढताना थबकली आणि पेंढ्याची बोटभर लांब काडी उचलून आजीला दाखवली. आजी म्हणाली, "अगं, हिच्या दाढा गेल्या. चावतच नाही ती." गवतात वाळूसारखी बारीक खर असते, तिनं दाढा जन्मभर घासल्या जातात. हत्तीला दाढांचे सहा संच मिळतात आणि साठीच्या सुमारास शेवटचा संपत आला की त्याचीही उपासमार सुरू होते. गायीला तर कायमच्या दाढा एकदाच. रवंथ पुरता होईना की पोटात चारा असूनही अंग वाळतं. कपिलीची कमरेची हाडं वर आली, दोन वेतांमधलं अंतर वाढत गेलं आणि नवव्या वेतानंतर ती भाकडच राहिली.

तिला विकायचा विषय निघाला होता, नाही असं नाही. आजीनं तो एका वाक्यात मिटवला: "नऊ वासरं दिली तिनं." मग पेंढा कोयत्यानं बारीक चिरून भिजवायचा, सकाळी तांदळाची कोमट पेज कोंड्यात कालवून द्यायची, हे आईनं अंगावर घेतलं. महिन्याभरात शेण पुन्हा मऊ, एकजीव झालं आणि पाठीवर मांस धरलं. म्हातारपणात गेलेली तिची दृष्टी परत येणार नव्हती, पण दावणीची जागा तिला वासानं कळायची. अशी ती विसाव्या वर्षाच्याही पुढं गेली.

आजही आमच्या गोठ्यात कुणाच्या शेणात लांब काडी दिसली की वैद्याला बोलावण्याआधी आई कोयता घेऊन पेंढा चिरायला बसते.