लुइस बेटावर शरदातले आठ दिवस

आपल्याकडे शरद ऋतू म्हणजे उघडीप. पाऊस सरलेला असतो, आकाश निवळलेले असते, पिवळे पडू लागलेले भात वाऱ्यावर डोलत असते, आणि कोजागरीच्या चांदण्यात मसाला दूध घेताना वर्षातले सर्वांत प्रसन्न दिवस हेच, असे वाटते. युरोपातील शरदाविषयी पुस्तकांतून वाचले होते ते निराळे: रंगलेली पाने, पानगळीने झाकलेले रस्ते, फळांनी लवलेल्या बागा. गतवर्षी ऑक्टोबर महिन्यात स्कॉटलंडच्या वायव्येस असलेल्या लुइस बेटावर आठ दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा या दोन्ही कल्पना मला बोटीवरच सोडून द्याव्या लागल्या.

उल्लापूल या लहानशा बंदरातून निघालेली बोट पावणेतीन तासांत स्टॉर्नोवे येथे पोहोचते. लुइस आणि त्याला जोडलेले हॅरिस मिळून एकच बेट आहे. ग्रेट ब्रिटन व आयर्लंड यांच्या खालोखाल ब्रिटिश बेटांत ते सर्वांत मोठे. स्टॉर्नोवे सोडून मोटार पश्चिमेकडे वळली आणि झाडे संपली. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पसरलेले दलदलीचे माळ, मधूनमधून काळ्या पाण्याची तळी आणि सतत वाहणारा वारा. मात्र त्या माळावरचे सारे गवत गंजलेल्या लोखंडासारखे तांबूस झाले होते. झाडे नसलेल्या या प्रदेशात शरद जमिनीवरूनच चालत येतो.

ज्यांच्या घरी मी उतरले ते पतिपत्नी सत्तरीच्या पुढचे. त्यांची कन्या एडिंबरो येथे माझ्या एका मैत्रिणीच्या शेजारी राहते. तेवढ्या धाग्यावर त्यांनी मला घरी बोलावले होते. तेथे लहानथोर सारेच एकमेकांना नावाने हाक मारतात. मला काही ते जमेना. मी त्यांना मनातल्या मनात मावशी आणि काका म्हणू लागले, आणि तिसऱ्या दिवशी ते शब्द तोंडून निघूनही गेले. अर्थ सांगितल्यावर मावशी प्रसन्न हसल्या. काका तरुणपणी व्यापारी जहाजांवर खलाशी होते. मुंबईची गोदी आणि तेथील उकाडा त्यांना चांगला आठवत होता.

क्रॉफ्ट म्हणजे काय?

त्यांच्या शेतीला क्रॉफ्ट म्हणतात. रस्त्यापासून समुद्राकडे उतरत गेलेली जमिनीची एक लांबट पट्टी, तिच्या वरच्या टोकाला घर, शेजारी तशीच दुसरी पट्टी, पुढे तिसरी, अशी गावाची रचना. पट्टी थोड्याच एकरांची. परंतु तिच्याबरोबर माळावरील सामाईक कुरणात ठरावीक संख्येने मेंढ्या चारण्याचा हक्क येतो. ‘चोहोबाजूंनी कायद्यांनी वेढलेला जमिनीचा लहानसा तुकडा म्हणजे क्रॉफ्ट,’ असे तिकडे विनोदाने म्हणतात.

त्या विनोदामागे मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या उत्तर भागात जमीनदारांनी मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांसाठी कुळांची गावेच्या गावे उठवली. लोकांचा असंतोष वाढला, तेव्हा १८८३ साली सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८८६ साली कायदा झाला. त्याने कुळाला जमिनीवरून मनमानी हुसकावण्यास बंदी केली, वाजवी खंड ठरवून दिला आणि वहिवाट वारसाकडे देण्याचा हक्क दिला. मावशींच्या पणजोबांचे नाव त्या काळापासून या पट्टीवर लागले ते आजतागायत त्याच घराण्यात आहे.

याच बेटाच्या इतिहासात मुंबईचा धागा मला अनपेक्षितपणे सापडला. १८४४ साली सर जेम्स मॅथिसन यांनी हे संपूर्ण बेट विकत घेतले. चीनशी अफूचा व्यापार करणाऱ्या जार्डिन-मॅथिसन पेढीचे ते भागीदार. आणि त्या पेढीला मुंबईहून अफू व कापूस पुरवणाऱ्यांत सर जमशेटजी जिजीभाई हे प्रमुख होते. आपल्या मुंबईचे जे. जे. रुग्णालय व जे. जे. कलाशाळा ज्यांच्या दानातून उभी राहिली तेच हे गृहस्थ. स्टॉर्नोवेच्या बंदरासमोरचा मॅथिसन यांचा वाडा पाहताना माळव्यातील अफूची शेते, मुंबईची गोदी आणि हे थंड बेट एकाच हिशेबाच्या वहीत बसलेले मला दिसले.

बटाट्यांची सुट्टी

ऑक्टोबरच्या मध्यावर तेथे सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दिवस दर आठवड्याला अर्ध्या तासाहून अधिक आखडत जातो. त्यामुळे कामाची एक प्रकारची घाई असते, परंतु गडबड नसते. पीटची रास आधीच घराशेजारी रचून झाली होती. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे कुजत साठलेल्या वनस्पतींचा थर. वसंतात तो विटांसारखा कापतात, उन्हावाऱ्यात वाळवतात आणि उन्हाळ्याअखेर घरी आणतात. आपण गोवऱ्या रचतो तशा या विटा तिरप्या रचल्या की पावसाचे पाणी बाहेरच्या बाहेर निथळून जाते. बहुतेक घरांत आता तेलावर चालणारी शेगडी आहे, तरी मावशींच्या बैठकीच्या खोलीत पीटच जळत असे. त्याचा मंद, मातकट वास अजून माझ्या शालीला आहे.

उरलेले मोठे काम बटाटे काढण्याचे. स्कॉटलंडमध्ये शाळांच्या ऑक्टोबरातील सुट्टीला जुनी माणसे अजूनही ‘बटाट्यांची सुट्टी’ म्हणतात. पूर्वी मुलांचे हात या कामाला लागत म्हणून ती सुरू झाली. त्याच सुट्टीत मावशींचा मुलगा आपल्या दोन मुलांसह ग्लासगोहून आला होता. जमीन पातळ, ओली आणि आंबट. म्हणून तिच्यावर उंच वरंबे रचून त्यांत समुद्रशेवाळ घालण्याची पूर्वापार पद्धत आहे. काका दातेरी फावड्याने माती उलथीत, आणि आम्ही मागोमाग वाकून गुलाबी सालीचे बटाटे वेचीत जात असू. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहत होते, बोटे बधिर झाली होती. बटाट्याला तेथील गेलिक भाषेत ‘बुन्ताता’ म्हणतात. मी आमचा ‘बटाटा’ शब्द सांगताच दोन्ही मुले हसत सुटली. अमेरिकेतून युरोपात आलेला हा कंद आपले मूळ नाव बरोबर घेऊन एका बाजूला या बेटावर पोहोचला आणि दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांच्या जहाजातून आपल्या किनाऱ्यावर उतरला!

या कंदाने येथे माणसे जगवली आणि मारलीही. १८४६ साली करपा पडून सारे पीक कुजले. पुढे १८५१ ते १८५५ या काळात या एका बेटावरून सतराशेहून अधिक माणसे जहाजांनी कॅनडाला धाडण्यात आली. काकांनी समुद्रकाठची एक हिरवी उंचवट्यांची ओळ मला दाखवली. गवताखाली जुने वरंबे स्पष्ट दिसत होते. ते ज्यांनी रचले त्यांच्या घरांचा मात्र मागमूस नव्हता.

रात्री उकडलेले बटाटे आणि खारवलेले हेरिंग मासे ताटात आले. खाऱ्या बांगड्यावर वाढलेल्या माझ्यासारख्या कोकणातल्या मुलीला त्या जेवणात परके असे काहीच वाटले नाही.

मेंढ्या, माग आणि रविवार

शुक्रवारी माळावरून मेंढ्या खाली आणण्याचे काम निघाले. हे काम एकट्याचे नसते. सामाईक कुरणाचा कारकून दिवस ठरवतो आणि प्रत्येक घरातील एक तरी माणूस आपला कुत्रा घेऊन येतो. मी मोजले, ती माणसे नऊ भरली. काका म्हणाले, त्यांच्या लहानपणी चाळीस असत. दगडी वाडग्यात शेकडो मेंढ्या कोंडल्या गेल्या, रंगांच्या खुणांवरून वेगळ्या झाल्या, आणि विकायची कोकरे स्टॉर्नोवेच्या लिलावासाठी बाजूला निघाली. त्या नऊ माणसांत तिशीतले एकच जोडपे होते. तो मागावर हॅरिस ट्वीड विणतो. हे कापड या बेटांवरील विणकराने स्वतःच्या घरी, हातमागावरच विणले पाहिजे, असे १९९३ सालच्या कायद्याने ठरवून दिले आहे. पत्नी शाळेत शिकवते. दोघांनाही शेतीची हौस मोठी, परंतु स्वतःचा क्रॉफ्ट नाही. ती भाड्याच्या घरात राहतात आणि अनेक वर्षे क्रॉफ्ट मिळण्याची वाट पाहत आहेत.

रविवारी सारे स्तब्ध असते. धुतलेले कपडे दोरीवर दिसत नाहीत, शेतात कोणी जात नाही; स्टॉर्नोवेहून रविवारची बोटसुद्धा २००९ सालच्या जुलैत प्रथम सुटली. मी मावशींबरोबर प्रार्थनेस गेले. एक गृहस्थ स्तोत्राची ओळ आळवून सांगतो आणि सारी सभा ती आपापल्या आलापींनी उचलते. वाद्य नाही. भाषा कळत नव्हती, तरी आमच्या गावच्या देवळातील भजनी मंडळी डोळ्यांपुढे उभी राहिली.

त्याच संध्याकाळी, मुले निजल्यावर, तो विषय निघाला. निमित्त एका सरकारी फॉर्मचे. क्रॉफ्टिंग आयोग दरवर्षी प्रत्येक क्रॉफ्टधारकाकडून उत्तरे मागवतो: आपण जमिनीपासून ३२ किलोमीटरच्या आत राहता काय? ती कसता काय? जमीन हातात ठेवून दूर राहणे किंवा ती पडीक टाकणे कायद्याला मान्य नाही. आज उत्तर सोपे होते. मावशींनी मुलाला विचारले ते उद्याचे.

मुलगा बराच वेळ आगीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आई, मी परत येणार नाही. आलो तर सुट्टीलाच येईन.” त्याची नोकरी तिकडे, पत्नीची नोकरी तिकडे, मुलांना गेलिक येत नाही. त्याच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. काका उठून कुत्र्याला बाहेर घेऊन गेले. मावशींनी फॉर्मची घडी घातली आणि चहाचे आधण ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोठारात बियाण्याचे बटाटे निवडत बसल्या होत्या. कोंबडीच्या अंड्याएवढे, निरोगी तेवढे वेगळे काढायचे. मी मदतीला बसले. दोन म्हाताऱ्या माणसांना लागेल त्याच्या तिप्पट रास झाली तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “हे विणकराच्या घरासाठी.” घराखालची जागा विकत घेऊन ती वेगळी करून ठेवायची आणि बाकीचा क्रॉफ्ट आयोगाच्या संमतीने त्या जोडप्याच्या नावे करून द्यायचा, असे त्यांनी रात्रीतून ठरवले होते. मुलाने आधीच होकार दिला होता. “माझ्या पणजोबांना ही जमीन मिळाली, ती त्यांनी कसावी म्हणून,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि पुन्हा निवडू लागल्या. त्यांचे हात मात्र एकेका बटाट्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळत होते.

परतीच्या वाटेवर

बोटीत मला माझ्या घराची आठवण येत राहिली. राजापूरजवळ आमची वडिलोपार्जित अडीच एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर सात नावे, आणि सातांपैकी एकही तेथे राहत नाही. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, एक इंदुरास. गणपतीला घर उघडते आणि पाच दिवसांनी बंद होते. शेजारचा एक होतकरू मुलगा दरवर्षी विचारतो, “नुसते भात लावू का?” आणि दरवर्षी आम्ही नाही म्हणतो, कारण १९४८ सालच्या कुळकायद्याची आठवण काकांच्या पिढीला अजून आहे, आणि जमिनीला कूळ लागेल ही भीती आम्ही त्यांच्याकडून वारशाने घेतली आहे. मळ्यात आता रान माजले आहे. दोन्ही देशांत कायदा झाला तो कसणाऱ्याला अभय देण्यासाठी. मावशींच्या घराने त्यातून जमिनीचे कर्तव्य घेतले, आणि आम्ही मालकीची धास्ती तेवढी घेतली, हे मनाला लागून राहिले.

परतल्यावर मी थोरल्या काकांना सविस्तर पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले: “गणपतीत सारे जमू तेव्हा बोलू. त्या मुलालाही बसवू.” एवढेही आमच्या घरात यापूर्वी घडले नव्हते.

डिसेंबरात मावशींचे पत्र आले. नोव्हेंबरात मेंढे कळपात सोडले. कोकरे एप्रिलात होतील. वादळात पीटच्या राशीचे एक टोक ढासळले, ते विणकराने येऊन रचून दिले. अर्ज आयोगाकडे गेला आहे, उत्तर यायचे आहे. बियाण्याचे बटाटे कोठारात नीट आहेत, उंदीर लागलेले नाहीत. शेवटी त्यांनी एक गेलिक शब्द शिकवला होता: ‘फोअर’. त्याचा अर्थ शरद, आणि सुगी असाही. तुमच्या भाषेत या दोहोंना एक शब्द आहे का, असे त्यांनी विचारले आहे. नाही, असे मी त्यांना कळवले आहे. आणि आमच्याकडे भात कापणीला येते ते याच दिवसांत, असेही पुढे लिहिले आहे.