मॅनिफोल्ड

मॅनिफोल्ड हा शब्द गेल्या हिवाळ्यापर्यंत मी कधी ऐकला नव्हता. इंग्रजीत त्याचा साधा अर्थ अनेकपदरी, बहुविध. मोटारीच्या इंजिनात मात्र ते एका भागाचं नाव आहे. आमच्या चिरंजीवांनी तिकडे मिशिगनमध्ये आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारचा नेमका हाच भाग बदलायला काढला, आणि त्यावरून घरात जरा वातावरण तापलं.

सूनबाईंचा फोन आला. "बाबा, आता तुम्हीच सांगा त्याला. पंचवीस वर्षांहून जुनी गाडी, चालतेय ना नीट? मग उघडायची कशाला? सगळा शनिवार गॅरेजमध्ये जातो त्याचा." इकडे नात्यातल्या एक-दोघांचं मतही कानावर आलं होतं. इतकं शिकून शेवटी मेकॅनिकच झाला म्हणायचा!

मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. पण पेपर न वाचता मार्क द्यायची सवय नाही. म्हणून चिरंजीवांना म्हटलं, तू काय करतो आहेस ते आधी मला समजावून सांग, मग मी काय ते बोलेन. पाच-सहा रविवार ही उलटी शाळा चालली. तो शिकवणार, मी वहीत उतरवून घेणार. जे समजलं ते इथे मांडतो. (आमच्यासारख्या अडाण्यांसाठीच आहे, जाणकारांनी सोडून द्यावं.)

पहिला धडा असा, की इंजिन पेट्रोलवर चालतं हे अर्धंच खरं आहे. ते हवेवरही चालतं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९००० लिटर हवा लागते. पेट्रोल काय, पंपानं हवं तेवढं आत सोडता येतं. अडतं ते हवेपाशी. आणि आपण म्हणतो इंजिन हवा ओढतं, तेही तितकंसं बरोबर नाही. पिस्टन खाली गेला की आत पोकळी होते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवेला आत ढकलतो. वाटेत अडथळा जितका कमी, तितकी जास्त हवा आत जाणार.

त्याच्या गाडीचं इंजिन ३१५२ सीसीचं, सहा सिलिंडरचं. मिनिटाला ६००० फेरे झाले आणि दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पूर्ण भरला, तर सेकंदाला जवळजवळ १५८ लिटर हवा लागते. मी हिशेब मांडून पाहिला. आपल्या अंगणातलं २०० लिटरचं पिंप सव्वा सेकंदात रिकामं! ही सगळी हवा सहा सिलिंडरांत सारखी वाटून द्यायचं काम मॅनिफोल्डचं. एक मोठा डबा आणि त्यातून निघालेल्या सहा वाकड्या नळ्या. फोटो पाहून नात म्हणाली, "आजोबा, सहा सोंडांचा हत्ती." याहून चांगली व्याख्या मला सुचली नसती.

आता मला वाटलं, मग नळ्या रुंद केल्या की झालं! इथेच खरी गंमत आहे.

६००० फेऱ्यांना पिस्टन वरून खाली यायला सेकंदाचा फक्त दोनशेवा भाग लागतो. एवढ्या वेळात सिलिंडर भरायचा. पण वेगानं धावणारी हवा एकदम थांबत नाही. दादरला लोकलच्या दारातला माणूस आत जाऊन थांबला, तरी मागून येणारा लोंढा रेटतच असतो आणि आणखी चार माणसं आत कोंबली जातात, तसंच. पिस्टन तळाशी पोचल्यावरही झडप क्षणभर उघडी ठेवतात ती याच रेट्यासाठी. आणि रेटा हवा तर हवेला वेग हवा. इंजिन सावकाश फिरत असताना अरुंद नळीत वेग टिकतो, रुंद नळीत हवा रेंगाळते. इंजिन जोरात फिरायला लागलं की उलट होतं. अरुंद नळीचा गळा आवळल्यासारखा होतो, रुंद नळी मोकळा श्वास घेते.

लांबीचंही तसंच. झडप बंद झाली की नळीतली हवा तिच्यावर आपटते आणि दाबाची एक लाट उलटी मागे जाते. डब्याशी पोचून ती परत फिरते. ती परत यायला आणि झडप पुन्हा उघडायला एकच गाठ पडली, तर ती लाटच थोडी जास्त हवा आत ढकलते. लांब नळीत लाटेला वेळ लागतो, म्हणून ती मंद गतीला जुळते. आखूड नळी जलद गतीला जुळते. हे मला पटकन कळलं, कारण बासरी. पन्नालाल घोषांनी शास्त्रीय संगीतासाठी लांब बासरी आणली ती खालच्या, गंभीर सुरांसाठी. लांब नळी खालचे सूर देते, आखूड नळी वरचे. एकाच नळीनं सगळे सूर सारखेच भरदार वाजावेत असं होत नाही.

हे शहाणपण जुनं आहे. १९६० सालच्या क्रायस्लर ३००-एफ या अमेरिकन गाडीला ३० इंच लांबीच्या नळ्या होत्या, मधल्या वेगात जोर मिळावा म्हणून. तिची ताकद ३७५ हॉर्सपॉवर. त्याच गाडीचा ४०० हॉर्सपॉवरचा एक प्रकार मिळे, त्यात नळ्यांची कामाची लांबी निम्मी, १५ इंच केलेली होती. वरचा आकडा वाढला, खालचा जोर सोडावा लागला. पुढे २००१ साली बीएमडब्ल्यूनं आपल्या मोठ्या गाडीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात नळीची लांबी चालता चालता कमीजास्त होईल अशी सोय केली. म्हणजे दोन्ही हवं असेल तर इतकी यातायात करावी लागते.

चिरंजीवांची गाडीही बीएमडब्ल्यूच, १९९८ सालची एम-३. तिचा इतिहास ऐकून माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. अमेरिकेत ही गाडी १९९५ सालचं मॉडेल म्हणून आली तेव्हा इंजिन ३ लिटरचं होतं आणि ताकद २४० हॉर्सपॉवर. १९९६ साली इंजिन वाढवून ३.२ लिटरचं केलं. ताकद किती? तीच, २४०! खालच्या वेगातला जोर वाढला, वरचा आकडा जागच्या जागी. याचं एक मोठं कारण म्हणजे नव्या इंजिनावर बसवलेला अरुंद नळ्यांचा मॅनिफोल्ड. कंपनी चुकली असं मुळीच नाही. रोज सिग्नलला थांबत, मुलांना शाळेत सोडत चालवणाऱ्या माणसाला खालचा जोरच कामाचा. युरोपातल्या त्याच नावाच्या गाडीला मात्र सहा सिलिंडरांना सहा स्वतंत्र थ्रॉटल होते आणि तिची ताकद ३२१ पीएस होती. ती महागही होती. म्हणून अमेरिकेतली हौशी मंडळी आधीच्या इंजिनाचा रुंद नळ्यांचा मॅनिफोल्ड भंगारातून शोधून आणतात आणि नव्या इंजिनावर चढवतात. आमच्याकडे चाललं होतं ते हेच.

काम चिकाटीचं आहे. पेट्रोलची नळी, वायरी, थ्रॉटल सगळं क्रमानं सोडवायचं. खालचा आधाराचा ब्रॅकेट दिसत नाही, नुसत्या बोटांनी चाचपून नट काढायचा. जुने रबरी पाइप हात लावताच तुटतात, ते नवे घालायचे. मॅनिफोल्ड निघाला की इंजिनाची सहा तोंडं उघडी पडतात, त्यात लगेच स्वच्छ फडकी कोंबायची, कारण एखादा नट आत गेला तर खेळ खलास. नवा मॅनिफोल्ड सरळ बसत नाही, जोडतुकडे लागतात. बसवल्यावर कुठून हवा गळत नाही ना, ते धूर सोडून बघायचं. शेवटी गाडीच्या कॉम्प्युटरलाही नवी हवा समजावून द्यावी लागते. आणि हे सगळं मिशिगनच्या थंडीत. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून ही गाडी तेव्हा गॅरेजमध्येच असते.

एका रविवारी त्यानं मला अशाच बदललेल्या दुसऱ्या एका गाडीचा आलेख पाठवला. बदलाआधीची एक रेषा, नंतरची एक. साधारण ४००० फेऱ्यांच्या आसपास दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. त्याखाली जुनी रेषा वर, त्यानंतर नवी वर. तो म्हणाला, "बघा बाबा, टोक किती वर गेलंय!" मी इतकी वर्षं निकालपत्रकं भरली आहेत. पहिल्या नंबरावरून वर्ग कळत नाही, तसं टोकावरून इंजिनही कळत नसणार. मी विचारलं, "तुझी गाडी दिवसाचा किती वेळ ४००० च्या वर असते?"

तो जरा थांबला. म्हणाला, "रस्त्यावर जवळपास नाहीच. पण ट्रॅकवर बहुतेक वेळ." वॉटरफर्ड हिल्स नावाचा एक लहानसा, वळणावळणाचा ट्रॅक आहे, उन्हाळ्यात तो तिथे जातो. किराणा आणायला आणि शाळेत सोडायला दुसरी गाडी आहे. मग म्हटलं, तुझं गणित बरोबर आहे. बदल खुशाल.

पण सूनबाईंचा पेपर तपासायचा राहिला होता. तिचं म्हणणं गाडीबद्दल नव्हतंच मुळी. शनिवारी सकाळी नातीचा मराठीचा वर्ग असतो, तिथे कित्येक आठवडे एकटी आईच जात होती. मी त्याला म्हटलं, "तूच शिकवलंस मला, वर मिळवलं की खाली सोडावं लागतं. घर हे दोन हजार फेऱ्यांवर चालतं रे. तिथला जोर कमी करून चालायचं नाही."

यावर तो काही बोलला नाही. मुलगे अशा वेळी बोलत नाहीत. पण पुढच्या शनिवारी नातीनं वर्गातून फोटो पाठवला, त्यात तो मागच्या बाकावर बसला होता. गॅरेज दुपारनंतर सुरू व्हायला लागलं. जानेवारीत काढलेलं काम मार्चऐवजी मेच्या शेवटी संपलं. पैसे वाया गेले असं सूनबाईंचं अजूनही मत आहे, आणि तो मताचा अधिकार तिचा आहे.

ट्रॅकवर काय फरक पडला, तेही विचारलं. सरळ रस्त्यावर गाडी आता शेवटपर्यंत दमत नाही म्हणे. पण अगदी आवळ वळणातून बाहेर पडताना पूर्वीपेक्षा एक गिअर खाली यावं लागतं, नाहीतर ती आळसावते. मला बरं वाटलं ते या दुसऱ्या वाक्यानं. मिळालेलं सगळेच सांगतात, सोडलेलं सांगणारा थोडा. मेकॅनिक झाला म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की कशाच्या बदल्यात काय दिलं हे ज्याला नेमकं सांगता येतं, त्याच्या हाताला काळं ग्रीस लागलेलं असलं तरी मला चालतं.